शिंप्याचा गुरुवार

निम्मे कपडे पिळून दोरीवर गेले होते, निम्मे अजून साबणाच्या पाण्यात होते, आणि भरदुपारी शिंपीदादा दारात उभे. दुपारी दुकान सोडणारा हा माणूस नव्हे. शिंपीणबाई हातातला पिळा घेऊनच उठल्या.

"काय हो, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? बॅग भरलीस का बघायला आलो."

"कसली बॅग?"

"अगं, उद्या गुरुवार! सकाळी सहाची बस!"

बेत दोघांनी मिळूनच ठरवला होता. बाईंना डोंगर हवा होता, गार वाऱ्यात काही न करता बसायला. दादांना शहर, तिथला मोठा कापडबाजार बघायला. भांडून भांडून ठरलं, दोन दिवस तिचे, एक त्यांचा. वार त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितला होता.

पण सव्वीस वर्षं शिंप्याशी संसार केलेली बाई ती! गिऱ्हाइकाला सोमवार सांगितला की कपडा बुधवारी मिळणार, हे अख्ख्या गल्लीला पाठ. घरातही तोच कायदा. त्यामुळे गुरुवार ऐकल्याबरोबर बाईंनी मनात शनिवार धरला होता. आणि त्या हिशेबाने आज धुवायला काढलेला त्यांचा एकुलता एक स्वेटर बादलीच्या तळाशी भिजत पडला होता.

दादांनी बादलीत डोकावून पाहिलं. "हा उद्यापर्यंत काय वाळतोय! डोंगरावर गारठशील. असं करू, तिकिटं बदलून घेतो. शनिवारी जाऊ."

बाईंनी हातातला पिळा तसाच धरला. ह्यांचा शनिवार म्हणजे सोमवार, आणि सोमवार म्हणजे पुढचं वर्ष. असली सव्वीस पुढची वर्षं त्यांनी पाहिली होती.

"मुळीच नाही. गारठले तर गारठले. तुमच्या तोंडून जन्मात एकदा खरा वार निघालाय, तो मी सोडायची नाही."

दादा ओशाळून हसले. मग डोकं खाजवत म्हणाले, "तुझा तो कोट... कापून ठेवलाय ना दुकानात."

"दोन वर्षं झाली. गिऱ्हाइकं आधी, बायको मागून."

"संध्याकाळी सहाला देतो."

"म्हणजे परवा सहाला?"

"अगं, पाटी लावून आलोय दुकानावर. रविवारपर्यंत बंद. आता गिऱ्हाईक येणार कुठून?"

बंदची पाटी! ती तर दुकानात होती हेही बाईंना ठाऊक नव्हतं. त्या खळखळून हसल्या. ओल्या हातांनीच देवापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देवा, एवढा एक गुरुवार गुरुवारीच उगवू दे रे."

दादा चपला घालून दुकानाकडे वळले आणि पायरीवरून ओरडले, "कोटाला बटणं नाहीत गं! मोठी, तपकिरी, पाच!"

बाईंनी बादली तशीच कोपऱ्यात सरकवली, पदराला हात पुसले आणि पिशवी घेऊन बटणं आणायला निघाल्या.