बाईंच्या घरची आवणी

भोये बाईंची स्कूटी पाड्याच्या तोंडाशी दिसली की आमच्याकडचे बाप लोक एकदम कामसू व्हायचे. कुणी धड असलेला बांध पुन्हा नीट करायला घ्यायचा, कुणी उगाच बैलांच्या मागे जायचा. ज्याच्या घरात नुकतंच कुणी बारावी पास झालेलं असेल तो तर खाचरात उतरून असा वाकायचा की बाईंना फक्त त्याची पाठ दिसावी. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्या स्कूटी झाडाखाली लावायच्या, डिकीतून जुनं लुगडं काढायच्या आणि कुणाच्या तरी घरात शिरून, गुडघ्यापर्यंत कासोटा मारून बाहेर यायच्या. मग त्याच पाठीशेजारी चिखलात उतरायच्या, भाताच्या रोपांची एक जुडी सोडवायच्या आणि लावता लावता विचारायच्या, "हां, बोला दादा. पोरगी कॉलेजला कधी जाते?"

तलासरीच्या आमच्या शाळेत बाई अकरावी-बारावीला भूगोल शिकवायच्या. विनाअनुदानित तुकडी, त्यामुळे पगार नावालाच. घर त्यांचं चारोटीच्या पुढे, तिथून रोज स्कूटीवर. वर्गात त्या फार हसायच्या नाहीत. नकाशावर बोट ठेवायला सांगायच्या आणि आपलं बोट समुद्रात पडलं की म्हणायच्या, "बुडालीस. आता पोहून ये." पण त्यांचा खरा वर्ग भरायचा तो जुलैत, खाचरात.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांना हे सांगायला हवं. आमच्याकडे शिकणं कुणी मोडत नाही, कुणी पोरांना मारून घरी बसवत नाही. फक्त कॉलेजं सुरू होतात तेव्हाच नेमकी आवणी, म्हणजे भाताची लावणी, असते. आणि आवणी एकट्याच्या घरची नसते. आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या माझं, परवा त्याचं. ज्या घरातून माणूस कमी येईल त्या घरी माणसं कमी जातील. त्यामुळे बारावी झालेली धडधाकट पोर म्हणजे घरातला एक अख्खा हात, आणि तो हात दुसऱ्यांना आधीच कबूल झालेला. मग पोरं आठवडाभर कॉलेजात जाऊन परत यायची, "आवणी झाली की जातो" म्हणायची, आणि आवणी होईपर्यंत तिकडे इतकं शिकवून झालेलं असायचं की पुन्हा त्या बाकावर जाऊन बसायची लाज वाटायची. असे किती तरी हुशार पोरगे मी हायवेवरच्या हॉटेलांत टेबलं पुसताना पाहिलेत.

बाईंनी यावर त्यांच्यापुरता उपाय शोधला होता. ज्या घरातलं मूल कॉलेजला जाईल त्या घरचा हात म्हणून त्या स्वतः उभ्या राहायच्या. कुणी "मंग जाईल, बाई" म्हटलं की त्या पाठ सरळ करून विचारायच्या, "मंग म्हंजे कधी? वार सांगा." वार सांगेपर्यंत सोडायच्या नाहीत. आणि सांगितलेल्या वारी सकाळी लुगडं घेऊन हजर. पोराने बॅग उचलायची, बाईंनी जुडी.

२०१६ साली मी बारावी झाले. तेव्हा आमच्या वर्गात कॉलेजचा विषय निघाला की सगळे मोठ्या आवाजात बोलायचे, कारण मनातून सगळे घाबरलेले होते. कुणाला डहाणू हवं होतं, कारण स्टेशन जवळ. एकाला वापी हवं होतं, कारण तिथे त्याचा मामा कंपनीत होता. वरोरची एक मुलगी म्हणायची, "मला कुठलंही चालेल, फक्त मासळीची पाटी नको." मी डहाणूच्या कॉलेजात आर्ट्सला नाव घातलं होतं ते निव्वळ डहाणू मी आधी पाहिलेलं होतं म्हणून. तिथल्या बाजारात मला कोणी गुजरातीत बोललं तर काय, इंग्रजीत शिकवलं तर काय, हॉस्टेलच्या मुली माझ्या बोलण्याला हसल्या तर काय, हे विचार करकरून मला जेवण जात नव्हतं. खरं सांगायचं तर आवणी आली तेव्हा मला हायसं वाटलं. आवणी आहे म्हणून जाता येत नाही, हे सांगायला सोपं असतं.

आमच्यात मनापासून जायचं होतं ते एकटीला, वनिताला. वनिता म्हणजे बाईंची मुलगी. ती सायन्सला होती. शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता, पण तो कपाटात, काचेमागे, फुटू नये म्हणून. वनिताने दोन वर्षं तो काचेतूनच पाहिला. वसईकडच्या एका कॉलेजात तिचं नाव लागलं होतं, मुलींच्या वसतिगृहातही जागा मिळाली होती, आणि ते कॉलेज ती आईबरोबर जाऊन बघूनही आली होती. "तिथे हात लावू देतात," ती मला सांगत होती. "एकेकीला एकेक. मी विचारलं तिथल्या बाईंना. पानाचा तुकडा आपणच कापायचा म्हणे." ती हे सांगताना इतकी खूश होती की मला तिचा थोडा राग आला. मला असं काहीच हवंसं वाटत नव्हतं.

त्या वर्षी पाऊस लांबला. रोपं वाफ्यात वाढून पिवळी पडायला लागली आणि मग एकदम असा लागून राहिला की सगळ्या गावांची आवणी एकाच आठवड्यात आली. बाई आमच्याकडे आल्या तेव्हा माझे बाबा बैलांमागे होते. "पोरीला नाय म्हटलं नाय मी," ते लांबूनच म्हणाले. "एवढी आवणी होऊ दे. मंग जाईल."

"मंग म्हंजे कधी? वार सांगा."

बाबांनी बैल पुढे हाकले. बाई माझ्याकडे वळल्या. मी बांधावर उभी होते. त्या जवळ आल्या आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "तुला आवणीने नाही अडवलेलं, रेखा. तू तिच्या मागे लपलीयस. जाऊन तर बघ. नाही आवडलं तर परत ये, मी एका शब्दाने रागावणार नाही." मग मोठ्याने, "चल, बॅग भर. मी आहे इथे." मी निघाले तेव्हा त्या माझ्याच ओळीत उभ्या होत्या, आणि मी सकाळी लावलेली रोपं वाकडी आहेत म्हणून उपटून पुन्हा लावत होत्या. आईला म्हणाल्या, "पेपरात अक्षर पण असंच."

आईला हे सगळं जड गेलं. बाईंनी शिव्या दिल्या असत्या तरी तिला चाललं असतं, पण एवढं काम करून बाईंनी परत हात घ्यायला नकार दिला. आई म्हणाली, "बाई, तुमची आवणी कधी हाय? आम्ही येतो ना सगळी." बाईंनी हात जोडले. "नको गं बाय. मुलांच्या आईबापांना मी माझ्या शेतात राबवलं तर उद्या लोक काय म्हणतील? मास्तरीण शिकवते कशाला, तर मजूर मिळतात म्हणून." आई म्हणाली, हे काही राबवणं नव्हे, ही तर रीतच आहे. पण बाई ऐकेनात. त्या प्रत्येक घरी हेच सांगत आल्या होत्या. आपला हात त्या तलासरीकडे देऊन बसल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे त्या जाऊ शकत नव्हत्या, आणि शेजारीही मग त्यांच्याकडे का येतील? रीत बाईंनाही माहीत होती. आपल्याला ती लागू नाही, एवढंच त्यांना वाटत असावं.

कॉलेज मला आवडलं. पहिला महिना रडत काढला आणि मग आवडलं, सगळ्यांना आवडतं तसं. गणपतीच्या सुट्टीत घरी येताना चारोटीला उतरले, तर नाक्यावर वनिता. हातात घासलेटच्या कॅनसारखा कॅन, पायांत चिखलाच्या चपला. मी विचारलं, "तू कधी आलीस?"

"मी गेलेच नाही," ती म्हणाली.

तिथेच, वडापावच्या गाडीशी उभ्या राहून तिने सांगितलं. पप्पा ट्रकवर, तेव्हा राजस्थानकडे गेलेले. आजीच्याने वाकवत नाही. आई पहाटे निघायची ती अंधार पडल्यावर यायची, आज या पाड्यावर, उद्या त्या. त्या आठवड्यात मजूर कितीही पैसे दिले तरी मिळत नव्हता, ज्याचं त्याला पडलेलं. आणि घरचं रोप वाफ्यात पिवळं होत चाललेलं. मग वनिता एकटीच खाचरात उतरली. वसतिगृहात हजर व्हायचा दिवस त्याच आठवड्यातला होता. "मी आईला म्हटलं, आपली आवणी उरकते आणि मग जाते."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"बरं म्हणाली. दमून आलेली ती. जेवता जेवता झोपत होती."

सगळ्या तालुक्याला वार विचारणाऱ्या बाईंनी स्वतःच्या मुलीला तो विचारला नव्हता. त्यांना विचारायची गरजच वाटली नसणार. वनिता मास्तरणीची मुलगी, हुशार, जायला उत्सुक. ती जाणारच. आम्हीही तेच धरून चाललो होतो. आवणी उरकून तिने विचारणा केली तेव्हा वसतिगृहातली तिची जागा नियमाप्रमाणे पुढच्या मुलीला गेलेली होती, आणि वसईला खोली घेऊन राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. "पुढच्या वर्षी जाईन," वनिता म्हणाली. एवढं सांगून ती मला माझ्या कॉलेजातली प्रयोगशाळा कशी आहे विचारायला लागली. मी आर्ट्सला, मी ती कधी पाहिलेलीच नव्हती.

पुढच्या वर्षी ती गेली नाही. बाईंनी फार समजावलं, भांडल्या, शेवटी रडल्या असं वनिताच्या आजीने माझ्या आईला सांगितलं. पण वनिताच्या बरोबरच्या मुली एक वर्ष पुढे गेल्या होत्या आणि मागच्या मुलींबरोबर बसायला ती तयार नव्हती. आमच्याकडे मुलं कशी गळतात हे बाईंना पाठ होतं, त्यांनी वर्षानुवर्षं ते दुसऱ्यांच्या बापांना समजावलं होतं. घरात तेच घडताना त्यांना एकही शब्द उपयोगी पडला नाही. २०१८ला झाई गावी वनिताचं लग्न झालं. नवरा चांगला आहे, चिकूची वाडी सांभाळतो. कुणी काही वाईट केलं असं म्हणायला जागा नाही, आणि म्हणूनच ते जास्त सलतं.

बाई पाड्यांवर येत राहिल्या. मी सुट्टीला येई तेव्हा आई सांगायची, की बाई आता लावतात आणि जातात, बोलत नाहीत. बापांना वार विचारत नाहीत. पोरांनाच बाजूला घेऊन विचारतात, तुझ्या घरी मागे कोण आहे. आमच्या आईने एकदा न विचारता त्यांच्या शेतावर जायचं ठरवलं, तर बाईंनी या वेळी नाही म्हटलं नाही. आई परत आली ती कष्टी होऊन. म्हणाली, "तवा गेले असते तर."

२०१९ला मी बीए झाले. आमच्या पाड्यावरची पहिलीच मुलगी. पेढे घेऊन सगळ्यात आधी बाईंकडे गेले. वनिता माहेरी आलेली होती, कडेवर पाच-सहा महिन्यांची मुलगी. तिने मला मिठीच मारली, पेढ्याचा बॉक्स स्वतः फोडला, शेजारी वाटून आली, पुढे काय करणार, कुठलं कॉलेज, एमएला किती मुली असतात, सगळं विचारलं. बाई खुर्चीवर बसून आमच्याकडे बघत होत्या. त्यांचे केस मधल्या काळात पांढरे झाले होते. वनिता चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"तू शिकलीस त्याचा मला आनंद आहे," त्या म्हणाल्या. "खोटं नाही सांगत. माझ्या शिकवण्याचं काहीतरी झालं. पण तू समोर बसलीस की मला त्या दिवशीचं तुमचं खाचर आठवतं. मी तिथे तुझ्या ओळी सरळ करत होते, आणि ही इकडे एकटी लावत होती." आत कपबशांचा आवाज येत होता. "तुझं काही चुकलेलं नाही, पोरी. तू येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण जरा कमी येत जा."

मी मान हलवली. एवढं वाईट मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल, आणि तरी बाईंचा राग आला नाही. इतकं खरं माझ्याशी दुसरं कुणी बोललेलं नव्हतं. वनिताने चहा आणला. आम्ही तिघी तो प्यायलो आणि पावसाबद्दल बोललो.

निघताना वनिता मुलीला घेऊन मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. शेअर इको गाडीची वाट बघत उभ्या होतो. तिने विचारलं, "आई काय म्हणत होती गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "परत ये म्हणाल्या."

"मग येत जा ना," वनिता म्हणाली. "तू आलीस की तिला फार बरं वाटतं. बाकी कुणाकडे बघून ती अशी खूश होत नाही."

इको आली. मी हो म्हटलं आणि आत बसले.