न झालेली सुंता

आमच्या घरात महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आहे. चारठाण्याच्या पलीकडचं आमचं गाव. एक महिना आमच्या ह्यांची पाळी, एक महिना धाकट्या दिराची. ह्या पाळीवरून भाऊबंदांत पूर्वी डोकी फुटलेली, त्यामुळं दोघं भाऊ एका ताटात जेवायचे, पण पूजेचा विषय निघाला की जपून बोलायचे.

ह्यांना साखर होती. गोळ्या वेळेवर घेतील तर शपथ! प्रसादाचा शिरा मात्र वेळेवर. मी कटकट करायची, हे हसायचे. मग लघवीला गेले की कण्हायला लागले. आठ-दहा दिवस मी ऐकून घेतलं. शेवटी म्हटलं, "काय होतंय ते सांगता का चारचौघांत विचारू?" मी फटकळ आहे, ते गावाला माहीत आहे. तेव्हा कुठं बोलले. पुढची कातडी चिरली होती. आवळून आली होती, मागं सरकत नव्हती.

जिंतूरच्या डॉक्टरांकडं नेलं. चांगला माणूस. तपासून मलाही आत बोलावलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं. ते म्हणाले, डोळ्याला पापणी तशी ही कातडी. आतला नाजूक भाग झाकते, सुकू देत नाही. चांगली असेल तर तिला कुणी हात लावायचं कारण नाही, रोज मागं घेऊन साध्या पाण्यानं धुतली की झालं. पण तुमच्या लघवीत साखर उतरते, तिथं बुरशी धरते. कातडी चिरते, भरते, परत चिरते आणि आवळत जाते. आता आतलं धुताही येत नाही आणि आत काय होतंय ते दिसतही नाही. असंच राहिलं तर पुढं वाईट रोग धरू शकतो. तेव्हा ती काढून टाकू. अर्ध्या तासाचं काम आहे.

"म्हणजे सुंता?" हे म्हणाले.

"हो, तेच."

"डॉक्टरसाहेब, मी गुरव हाय."

"अहो, गुरवाची कातडी काय वेगळी असते का?"

हे उठलेच. चपला घालून बाहेर.

द्वेषाची गोष्ट नव्हती हो. गावात मुसलमानांची घरं आहेत, ईदेचा शीरखुर्मा आमच्या घरी येतो, हे वाटी चाटूनपुसून खातात. भीती वेगळीच होती. "भावाला कळलं तर म्हणंल, सुंता झालेला माणूस पिंडीला हात कसा लावायलाय? पाळी जाईल माझी. लेकरांची पण जाईल." मी म्हटलं, "पाळी गेली खड्ड्यात, तुमी नीट व्हा." तर मला देवळात नेलं आणि पिंडीवर हात ठेवायला लावला. कुणाला सांगणार नाही म्हण. भावाला तर नाहीच नाही.

आणि मी म्हटलं! सरपंचाला तोंडावर खोटारडा म्हणणारी मी, पिंडीवरच्या शपथेला भ्याले. अजून माझ्या तळहाताला तो गारवा जाणवतो, आणि हात तोडून टाकावासा वाटतो.

दोन वर्षं मलमाच्या ट्यूबा आणल्या. जिंतूरला नाही, सेलूला जाऊन, ओळखीचं कुणी नको म्हणून. ह्यांचं धोतर मी वेगळं धुवायची. पुढं त्याला वास येऊ लागला. पुढं रक्त. जांघेत गाठ आली तेव्हा मी शपथ मोडली नाही, पण पोराला गाडी आणायला लावून ह्यांना सरळ मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तपासलं, आणि मान खाली घालून विचारलं, "आई, इतके दिवस कुठं होता?"

कॅन्सर होता, आत लपून वाढलेला. कातडी वाचवायला गेले आणि सगळंच कापावं लागलं. तरी उपयोग झाला नाही, गाठी वर गेल्या होत्या. शेवटी शेवटी हे माझा हात धरून म्हणायचे, "लोकांना पोटाचा म्हण." मी पोटाचा म्हटलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पोटाचा म्हटलं. दीर रोज उशाशी बसायचा, पाय चेपायचा, त्यालाही पोटाचा म्हटलं. हे गेले तेव्हा बावन्न वर्षांचे होते.

तेराव्याची माणसं पांगली. मी चुलीपुढं नुसतीच बसले होते. दीर आला, दारातच बसला. 

"वहिनी, दादाला पोटाचा न्हवता ना? शेवटची अंघोळ मी घातली त्याला. पाहिलं मी."

माझा बांधच फुटला. आरडाओरडा करून सगळं सांगितलं. जिंतूरचे डॉक्टर, सुंता, पाळी, शपथ. "तुझ्या भीतीनं मेला माझा माणूस!" म्हणून त्याच्या अंगावर धावून गेले. त्यानं अडवलं नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि लहान लेकरासारखा हुंदके द्यायला लागला.

"वहिनी, माझी झालीय."

मला कळेचना.

"सुंता. पाच वर्षं झाली. मला पण साखरंनं तसंच झालतं. हर्नियाचं म्हणून परभणीला गेलो न्हवतो का, तवा. दादाला कळलं तर पाळी काढून घेईल म्हणून बोललो न्हाई."

आठवलं मला. तेव्हा त्याच्या पाळीतले काही दिवस पूजा ह्यांनीच केली होती. भाऊ लवकर बरा होऊ दे म्हणून अभिषेकही घातला होता.

मी खाली बसले.  तोंडातून एवढंच निघालं, "लय दुखलं का रे?"

"न्हाई वहिनी," तो म्हणाला. "पंधराव्या दिवशी पूजेला उभा होतो."