लख्खमावशीचं फडकं

संशोधनशाळेत तिला सगळे लख्खमावशी म्हणत. उंदरांच्या खोलीतल्या चाळीस पिंजऱ्यांचं दाणापाणी एकवीस वर्षं तिच्याकडे होतं, आणि तिच्या फडक्यासमोर धुळीची काय बिशाद!

त्या वर्षी तिथल्या संशोधक मॅडमचा प्रयोग चालू होता. वीस पिंजऱ्यांतल्या उंदरांना रोज थोडा थोडा जाच: कधी ओला भुसा, कधी तिरका पिंजरा. उरलेले वीस पिंजरे निवांत. सततच्या ताणानं मेंदूतल्या पेशींच्या फांद्या आखडतात, उंदीर खिन्न होतो, कापसाचं घरटं बांधत नाही, गोड पाण्यातही त्याला गोडी वाटत नाही. हा फरक मॅडमना मोजायचा होता. पण सात आठवडे उलटले, तरी निवांत उंदीरही कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेले! दोन्ही गट सारखेच, मग मोजायचं काय, कपाळ? सोमवारी समितीपुढे प्रयोग गुंडाळायचा होता. मॅडमची तीन वर्षं पाण्यात जाणार होती.

मावशीला घास गोड लागेना. जाचाच्या पिंजऱ्यांवर ‘दाणापाण्याखेरीज हात लावू नये’ अशी पाटी होती. निवांत पिंजऱ्यांवर नव्हती, म्हणून तिनं सगळी माया तिकडे ओतली होती. सफाई आठवड्यातून एकदा करायची असा नियम, पण हिचे हात कुठले स्वस्थ बसायला! बिचारे घाणीत कशाला राहतील, म्हणून ती रोज भुसा बदलायची, कापूस बदलायची, पिंजरा आरशासारखा करायची.

शुक्रवारी कामाला निघण्याआधी ती नवऱ्याचं टेबल आवरत होती. तो घड्याळं दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यापासून मात्र खिडकीशी नुसता बसून असे.

“अहो, हल्ली एकही घड्याळ उघडत नाही तुम्ही?”

“उघडून काय करू? संध्याकाळी मांडून ठेवावं, तर सकाळी तू सगळं डब्यात कोंबतेस. रोज पहिल्यापासून सुरुवात. मग हात लावावासाच वाटत नाही गं.”

मावशीच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरटं! रोज बांधायचं आणि रोज कोणीतरी उचलून टाकायचं! चपला उलटसुलट घालून ती धावतच सुटली.

संशोधनशाळेच्या दारात मात्र ती थबकली. हे सांगितलं, तर एकवीस वर्षांच्या नोकरीवर पाणी पडेल. पण मॅडमचा उतरलेला चेहरा समोर दिसला आणि तिनं एका दमात सगळं ओकून टाकलं.

“रोज? घरट्यासकट?” मॅडम खुर्चीतून उठल्याच.

“कापसाच्या शेवटच्या धाग्यासकट! मॅडम, त्यांना छळत होते ते मीच!”

मॅडमनी तिला गदागदा हलवलं. “मावशी, अहो, मग प्रयोग चुकलेला नाही! आपले निवांत उंदीर निवांत नव्हतेच!”

सोमवारी मावशी समितीपुढेही तेच बोलली, मान वर करून. नवे उंदीर आणि आठ आठवडे मिळाले.

या वेळी ती आठवड्यातून एकदाच पिंजरा बदलायची, आणि जुनं घरटं अलगद उचलून नव्या भुशावर ठेवायची. बाकीचे सहा दिवस हात पाठीमागे बांधून फिरायची. शेवटच्या दिवशी बाटल्या वजनकाट्यावर चढल्या. जाचाच्या गटानं साधं आणि गोड, दोन्ही पाणी सारखंच प्यायलं होतं. निवांत गटाच्या गोड पाण्याच्या बाटल्या जवळजवळ रिकाम्या! पिंजऱ्यापिंजऱ्यात कापसाचे गुबगुबीत घुमट! मावशीनं अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या खोलीतला लेखनिक पळत आला.

आनंदाच्या भरात ती घरी आली. तिथेही आठ आठवडे टेबलाला तिचा हात लागला नव्हता. स्क्रू, चाकं, काटे यांच्या पसाऱ्यात चार घड्याळं टिकटिकत होती, आणि नवरा पाचव्यात डोकं घालून शीळ घालत होता. त्यानं मान वर केली आणि तो शिंकला.

“अगं, निदान धूळ तरी पुसत जा!”

मावशीनं फडकं हातात घेतलं, पुन्हा खुंटीला लावलं.

“रविवारी,” ती म्हणाली.