रविवारी धुतलेली साखळी

बहात्तरच्या हिवाळ्यात मी नगरच्या एका दैनिकात बातमीदार होतो. दुष्काळी कामांच्या बातम्या माझ्याकडे होत्या. कामं तालुक्याच्या टोकांना चालत आणि एस.टी.ने गेलं तर दिवसात एकच काम बघून व्हायचं. म्हणून मी एक जुनी मोटारसायकल घेतली. ती लष्कराच्या लिलावात निघालेली, मग एका ठेकेदाराकडे राबलेली होती. वरून काळा रंग मारला होता. टाकीच्या खालच्या बाजूला मूळचा हिरवा तसाच होता. तोवर मला सायकलीपलीकडे काही चालवता येत नव्हतं.

गाडी दाखवायला मी स्टेशन रस्त्यावरच्या एका मिस्त्रींकडे गेलो. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं काढून आलेले गृहस्थ. कडुनिंबाखाली पत्र्याची शेड. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, किक मारली आणि डोळे मिटून आवाज ऐकला.

"गाडी जुनी हाय, पन खोटी न्हाई," ते म्हणाले. "चालवनारा नवा हाय, तिथंच काम हाय."

कचेरीत जाण्याआधी रोज सकाळी तासभर मी शेडवर जाऊ लागलो. चालवणं नंतर, आधी खोलणं, असा त्यांचा नियम होता. प्लग काढून घासणं, पॉइंट साफ करणं, क्लचच्या केबलमध्ये तेल सोडणं हे सगळं त्यांनी मला शिकवलं. मी सवयीने प्रत्येक गोष्ट वहीत उतरवत होतो, आकृत्यांसह.

"वहीला काय कळतंय, साहेब? हाताला कळू द्या."

एकदा किक उलटी बसून माझी नडगी टरटरून सुजली. ते हसू दाबत म्हणाले, "झालं, आता तिनं तुमाला वळखलं."

साखळीची पाळी आली तेव्हा त्यांनी जोडकडीवरचं लॉक दाखवलं. नखाएवढी चपटी पट्टी, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी. "बंद तोंड साखळी पळती तिकडं. न्हाईतर सुटंल." बोलता बोलता त्यांनी ते साखळीच्या वरच्या बाजूला बसवलं. मी चित्र काढलं: बंद तोंड पुढच्या चाकाकडे.

दुष्काळी कामांवर एक ओव्हरसियर होते. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. माझ्या निम्म्या बातम्या त्यांच्याकडून येत. त्यांच्या खात्याची जीप, मोटारसायकली आणि पाण्याचे टँकर यांच्या दुरुस्तीचं वर्षभराचं काम गावातल्या कुणाला तरी द्यायचं होतं. मी मिस्त्रींचं नाव सुचवलं. मी साखळी शिकलो त्याच आठवड्यात रावसाहेबांनी शेडवर एक चक्कर मारली आणि बहुतेक तुम्हालाच देऊ, असं सांगून गेले. त्या वर्षी गाड्या दुरुस्तीला आणणारं कुणी राहिलं नव्हतं. मिस्त्री दोन महिने सायकलींची पंक्चर काढत होते. रावसाहेब गेल्यावर त्यांनी टँकर उभा राहील एवढी जागा कुदळीने सपाट केली.

त्यानंतरच्या रविवारी मी घराच्या अंगणात एकट्याने साखळी काढली, रॉकेलमध्ये धुतली आणि परत चढवली. वही उघडून शेजारी ठेवली होती. काम जमलं याचा मला आनंद झाला.

गुरुवारी रावसाहेबांची जीप बंद होती. जामखेड रस्त्याला एका पाझर तलावाचं काम बघायचं होतं. ते माझ्या मागे बसले. शहर मागे पडल्यावर थोड्याच वेळात खालून खडखड झाली, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि आम्ही दोघे मुरुमावर आपटलो. माझं कोपर सोलवटलं. रावसाहेबांचं उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात प्लॅस्टर चढत असताना त्यांनी विचारलं, "अहो पत्रकार, ही गाडी तुमच्या त्या मिस्त्रीच्याच हातची ना?"

मी म्हणालो, "हो. मागच्याच आठवड्यात त्यांनी साखळी बघितली होती."

वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. रविवारचं मी बोललो नाही.

"आणि याची शिफारस करत होतात तुम्ही!" ते म्हणाले. मी प्लॅस्टरकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून गाडी शेडवर नेली. मिस्त्रींनी चाकात गुंतलेली साखळी सोडवली आणि बोटांवरून फिरवली.

"ही धुतली का?"

"हो."

"कवा?"

"रविवारी."

"लॉक कुठं बसवलं? वर का खाली?"

मी जमिनीवर बसून हाताने दाखवलं. जोड खालच्या बाजूला आला होता. मी बंद तोंड पुढच्या चाकाकडे केलं होतं, चित्रात होतं तसंच. त्यांनी मागचं चाक हाताने फिरवलं. वरची साखळी पुढे पळत होती, खालची मागे. मला तेव्हा समजलं: खाली बंद तोंड मागच्या चाकाकडे हवं होतं.

"हुतं असं," ते म्हणाले. "पलटनीत भल्याभल्यांनी केलंय. रावसाहेबांना सांगितलं न्हवं?"

"सांगतो."

"सोमवारी आर्डर निघनार हाय, साहेब. त्यांना वाटत आसंल, माजाच हात कच्चा."

"आजच जातो," मी म्हणालो.

त्या दिवशी मी गेलो नाही. कारणं मी स्वतःला दिली होती: अंक लावायचा होता, रावसाहेबांना ताप होता, शनिवारी त्यांची कचेरी अर्धा दिवस असते. खरं कारण एवढंच की त्यांचं मनगट माझ्या हाताने मोडलं हे त्यांना सांगायचं होतं, आणि त्यानंतरही त्यांच्याकडून बातम्या हव्या होत्या. रविवारी मी त्यांच्या घरावरून गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी सायकल थांबवली नाही. सोमवारी दिवसभर कचेरीत बसून राहिलो.

मंगळवारी सकाळी गेलो आणि सगळं सांगितलं. रावसाहेब डाव्या हाताने चहा पीत होते.

"मग दवाखान्यात का नाही बोललात?" त्यांनी विचारलं. "काल कागद गेला. दुसऱ्या गॅरेजला दिलं काम." रागावतील असं वाटलं होतं, ते रागावले नाहीत. म्हणाले, "त्या माणसाबद्दल मी आमच्या मोठ्या साहेबांपुढे नको ते बोललो हो."

तिथून मी सरळ शेडवर गेलो. मिस्त्री एका टेम्पोखाली अंथरलेल्या पोत्यावर आडवे झाले होते. मी वाकून म्हणालो, "रावसाहेबांना सांगितलं. चूक माझी होती म्हणून."

ते बाहेर सरकले आणि उठून बसले.

"कवा सांगितलं?"

"आत्ताच."

"आर्डर?"

"काल निघाली."

त्यांनी फडक्याने एकेक बोट पुसलं.

"काल निघनार ते तुमाला ठाऊक हुतं."

"हो."

"मग आज कशापायी सांगितलं? तुमाला बरं वाटावं म्हनून?"

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. पाना उचलून ते पुन्हा टेम्पोखाली गेले.

होळीच्या सुमाराला शेड बंद झाली. मिस्त्री पुण्याला एका कारखान्यात लागल्याचं मला समोरच्या पानवाल्याने सांगितलं. बायकामुलं इथेच आहेत, असंही तो म्हणाला. घर कुठे ते मला माहीत होतं. मी गेलो नाही.