घराबाहेर न गेलेलं मत

लाखेचा वास आला की ती तक्रार आजही आठवते. चाळीसचं दशक सरत आलं होतं आणि मी काष्टीच्या बाजूला फौजदार होतो. एका गावचा पाटील तणतणत ठाण्यात आला. पंचायतीच्या निवडणुकीत तो पडला होता आणि निवडून आला होता त्याचाच सालगडी. "मतपेट्या बदलल्या. याला आत टाका," पाटील म्हणाला.

गंमत अशी, की गड्याला उभं केलं होतं पाटलानंच. दर खेपेला बिनविरोध निवडून येतो म्हणून वरून विचारणा होऊ लागली होती. दुसऱ्या कुणी अर्ज भरू नये म्हणून दम द्यायचा आणि देखाव्याला घरचा गडी पुढे करायचा, असा कारभार. मला त्याची चीडच आली.

पंचनामा केला. दोघा उमेदवारांच्या दोन पेट्या; मोजणीसाठी फोडेपर्यंत त्यांची सुतळी आणि लाखेची मोहर शाबूत होती, असं पंचांनी सांगितलं. बोलावून घेतलेला गडी ठाण्याच्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. गुन्हा लागला तर त्याची लेकरं उघड्यावर पडणार होती.

"उभा का राहिलास?"

"मालक म्हनले उभा ऱ्हा, ऱ्हायलो. बस म्हनले आसते तर बसलो आसतो."

खोटं बोलणारा इतकं थोडं बोलत नाही.

मग शिपायानं बाजारातून खबर आणली. मतदानाआधी पाटलानं साऱ्या गावाला बेलभंडार उचलायला लावला होता. खंडोबाची शपथ मोडायची तिथं कुणाची छाती नव्हती. मग मतं फिरली कशी? मी त्या गावची एक भाजीवाली म्हातारी गाठली.

"शपथ मोडली ना, आजी?"

"न्हाई मोडली. 'मत पाटलाच्या घराभायेर जाऊ देनार न्हाई', आसं म्हनून घेतलं हुतं. गडी कुटं ऱ्हातो? पाटलाच्याच घरी. मग भायेर गेलं व्हय?"

स्वतःच्या नावानं मत मागणं पाटलाला कमीपणाचं वाटे, म्हणून तो 'घर' म्हणाला आणि तिथंच फसला.

पाटलाला विचारलं, "गडी तुमच्या घरचा की बाहेरचा?" अर्जाच्या वेळी 'माझ्या घरी राहतो' असं त्यानंच सहीनिशी लिहून दिलं होतं. तक्रारीत तथ्य नाही, असा शेरा मी मारला. ज्यांना आपण मुकी समजतो ती माणसं शब्द वकिलापेक्षा नीट ऐकतात, हे मी तिथं शिकलो. पुढे नोकरीभर जबाब घेताना ते विसरलो नाही.

शिपायाला खुर्ची आणायला सांगितली. पाटील पुढे सरकला.

"तुम्हाला नाही. निवडून आलेल्या माणसाला."

गड्यानं सवयीनं मालकाकडे पाहिलं. मालक 'बस' म्हणाला नाही. तरी तो बसला.