आत्याचा लोटा आणि पंत

आमच्या घरात सगळ्यांत वडीलधारं काय होतं, तर आत्याचं नाक. माणूस ओटीवर यायचं, चपला काढायचं, आणि आत आत्या चुलीपुढून मान न वळवता सांगायची, "कापूस बाजारातून आले कोणी. सरकीचा वास येऊन राहिला." कचेरीतून आलेला वेगळा, आगगाडीतून उतरलेला वेगळा, सासरी भांडून आलेली लेक वेगळी. शेवटचं तिला वासावरून कसं कळायचं ते मी कधी विचारलं नाही. मी अकोल्याहून लग्न होऊन अमरावतीला आले, त्या दिवशी माप ओलांडल्यावर तिनं मला जवळ घेतलं, केसांपाशी नाक नेलं आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, "खारपाणपट्ट्यातली हाये. पण स्वच्छ हाये." माझी परीक्षा तिथंच झाली आणि तिथंच संपली.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्न म्हणजे काय ते कळायच्या आत विधवा झाली आणि भावाच्या घरी परतली. त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांतात होतं. राज्यकारभार नागपुरातून चालायचा आणि अमरावतीच्या बुधवारा भागातल्या आमच्या घरचा कारभार आत्याच्या सोवळ्यातून. मामंजी याज्ञिक होते. गावातले निम्मे वकील आणि मास्तर त्यांचे यजमान. ते बाहेर मंत्र म्हणायचे आणि आत्या घरात ते पाळायची. सकाळी आंघोळ करून समोरच्या गवळ्याकडे पितळी लोटा घेऊन जायची, गोमूत्र आणायची आणि तुळशीच्या पानानं उंबरा, देवघर, चूल, सोवळं वाळत घालायची वलणी असं सगळीकडे शिंपायची. ते झाल्याशिवाय चूल पेटत नसे. मी तरुण होते. मला हे बाईचं वेड वाटायचं. त्या घरात तिच्या नावावर काहीच नव्हतं, पण लोटा हातात असला की मामंजीसुद्धा बाजूला सरायचे, हे माझ्या लक्षात यायला पुष्कळ वर्षं लागली.

अशा बाईनं बोका पाळावा, हेच नवल होतं. तो कुठून आला कुणास ठाऊक. राखाडी, रुंद तोंडाचा, आणि बसायचा असा की समोर पक्षकार बसला असावा. आत्यानं त्याचं नाव पंत ठेवलं. दुधाला दुसऱ्या मांजरानं तोंड लावू नये म्हणून त्याला राखणीला बसवायची आणि तोही ते न चाटता राखायचा. "मांजर पवित्र असते," ती म्हणायची. "दिवसभर आंगच धुऊन राहिली असते. तुमच्यातलं कोण धुते इतकं?" मामंजींना पंत मान्य नव्हता. त्यांनी त्याला नावानं कधी हाक मारली नाही. त्यांच्या तोंडी तो कायम 'तो बोका' होता.

पंत वयात आला आणि घराची शांती गेली. शेपटी ताठ उभी करायची, ती थरथरवायची, पाठ भिंतीकडे करायची आणि पिचकारी मारायची. ती एरवीची घाण नव्हे. त्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं. आणि जागा तरी कोणत्या निवडाव्यात? देवघराचा उंबरा. सोवळ्याच्या वलणीखालची भिंत. चुलीचा कोपरा. एकदा तर थेट आत्याच्या वाळत घातलेल्या सोवळ्याचा काठ. माझे यजमान म्हणाले, "पंत नास्तिक निघाले." मामंजींनी तपकिरीची चिमूट भरली आणि म्हणाले, "मले वास येत नाही, पण लोकायले येते. बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर नेऊन सोडा त्याले." मामंजी जन्मभर तपकीर ओढत आले होते. त्यांचं नाक कधीच निकामी झालं आहे, अशी घरात सगळ्यांची पक्की समजूत होती. त्यांच्यापुढं भाजी करपली तरी आम्ही निर्धास्त असायचो.

आत्या एरवी देवळाशिवाय कुठे जात नसे. पण तिनं टांगा बोलावला, पंताला गव्हाच्या पोत्यात घातलं, मला बरोबर घेतलं आणि गुरांच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथले डॉक्टर मुसलमान, तेल्हाऱ्याकडचे. बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं उर्दू. पोत्यातून म्याव ऐकल्यावर त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"बाई, माह्याकडं बैल येतेत, घोडे येतेत. बिल्ला खच्ची कराले आनलेलं मी आजच पायतो."

"बैलाले येते, तर याले काहून येत नाही?" आत्या म्हणाली. "त्याले ठेवाचं हाये मले. तसाच राह्यला तर घरचे घालवून देतीन त्याले."

डॉक्टरांनी काम चोख केलं. "फिकर करू नका. थोडे दिवसांत सुधरते," म्हणाले. घरी येऊन आत्यानं डोक्यावरून आंघोळ केली, पोतं जाळलं आणि पंताला हळद लावून कोठीच्या खोलीत निजवलं. चार दिवस ती त्याच्याशी फार मऊ बोलायची.  एकदा म्हणाली, "त्याले इचारलं नाही आपण."

पंत बरा झाला. अंग भरलं, आळी सोडून हिंडणं थांबलं, दुसऱ्या बोक्यांशी मारामाऱ्या थांबल्या. पिचकारी मात्र थांबली नाही. देवघराच्या उंबऱ्यावर ती पहिल्यासारखीच रोज हजर. आत्या राख टाकायची, शेणानं सारवायची आणि त्यावर गोमूत्र दुप्पट शिंपायची. दुसऱ्या दिवशी पंतही दुप्पट. आत्यानं मला पुन्हा दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "काई काई बिल्ले असेच असतेत. मर्दानगी गेली, मालकी नाई गेली ना, बाई. कोनाचा वास आला की त्याले वाटते, माह्या घरात कोन घुसलं? मंग तो आपली निशानी लावते." मी हे जसंच्या तसं घरी सांगितलं. आत्या म्हणाली, "आपल्या घरात कोण घुसून राहिलं? तुळशीपाशी तं चिमणी येत नाही." पण ते तिनं डोक्यात ठेवलं असावं.

नवरात्र जवळ आलं. अमरावतीत नवरात्र म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. सगळं गाव अंबादेवीला लोटतं आणि आमच्याकडे देवघरात घट बसतात. मातीत धान्य पेरायचं, नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही, आणि मामंजींची यजमान मंडळी दर्शनाला घरी येणार. मामंजींनी जेवता जेवता निर्वाणीचं सांगितलं, "घट बसायच्या आत तो बोका सुधरला तर ठीक. नाहीतर मी स्वतः त्याले बडनेऱ्याले नेऊन सोडतो. घटावर गेला तर मी या गावात कोणते मंत्र म्हणू?" त्यांचं काही चुकत नव्हतं.  आत्या उठली आणि पंताच्या वाटीत दूध घालायला विसरली. असं मी तिला पहिल्यांदाच विसरताना पाहिलं.

त्याच सुमारास गवळ्याच्या घरी कुणी वारलं. सुतक पडलं, म्हणजे त्याच्या घरचं काही आणायचं नाही. गोमूत्र बंद. मामंजींनी काशीहून आणलेली गंगेची कुपी फोडली आणि आत्यानं तेवढ्यावर भागवलं. चरफडली फार, पण भागवलं. आणि पंतानं त्या दिवसांत एकदाही शेपटी उचलली नाही. मामंजी खूश. बोका आपल्या धमकीला भ्याला, असं त्यांना वाटलं. माझ्या यजमानांना वाटलं डॉक्टरांचं काम आता लागू पडलं. गवळ्याचं सुतक फिटलं, आत्या लोटा भरून घेऊन आली, उंबऱ्यावर शिंपडलं आणि मागं वळते तोच पंतानं त्याच जागी पिचकारी मारली.

आत्या उभ्या जागी थांबली. मग तिनं जे केलं ते मी तिच्या मागं उभी राहून पाहिलं. कोठीच्या खोलीत पंतानं कधीच घाण केली नव्हती. तिथं धान्य असायचं, देव नसायचे, म्हणून तिथं शिंपायचं कारण नव्हतं. आत्या लोटा घेऊन तिथं गेली, कोपऱ्यात चार थेंब शिंपडले आणि पदर नाकाला लावून बसली. पंत आला. त्यानं कोपरा हुंगला, तोंड किंचित उघडं टाकून उभा राहिला, मग शांतपणे वळला आणि शेपटी ताठ केली.

"अवं सूनबाई," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हा घाण करून नाही राहिला. आपण शिंपतो, त्याच्यावर तो शिंपून राहिला. त्याचं सोवळं वेगळं, आपलं वेगळं. एवढंच."

मला हसू आलं. तिला नाही आलं. ती तिथंच, धान्याच्या कोठीला टेकून, लोटा मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली. एका बाजूला बोका होता आणि दुसऱ्या बाजूला तिचा जन्म. ती कुणाची आई नव्हती, कुणाची बायको नव्हती. त्या लोट्यामुळं ती घरातली कुणीतरी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं रिठ्याच्या कढत पाण्यानं उंबरा, भिंत, चुलीचा कोपरा घासून काढला आणि वर चुना मारून घेतला. सकाळी नेहमीसारखी गवळ्याकडे गेली, साऱ्या आळीनं पाहावं अशी, लोटा पुढं धरून. परत आल्यावर परसात वळली आणि लोटा डाळिंबाच्या बुडाशी रिकामा केला. मग विहिरीवर आली. मी पाणी ओढत होते. तिनं माझ्याच बादलीतून लोटा विसळला आणि भरून घेतला.

"गंगा समज," म्हणाली. "अन् तोंड मिटून ठेव."

मी तोंड मिटलं. घट बसले. मामंजींचे यजमान आले, त्यांच्या बायका आल्या, ओट्या भरल्या गेल्या. पंत रोज सकाळी परसात जायचा, डाळिंब हुंगायचा, तिथं आपलं काम उरकायचा आणि येऊन देवघराबाहेर पक्षकाराची वाट पाहत बसायचा. नऊ दिवस दिवा विझला नाही आणि उंबरा ओला झाला नाही. दसऱ्याला मामंजींनी सोनं दिलं तेव्हा बहिणीला म्हणाले, "पाह्य, धाक असला की सुधरते." आत्या म्हणाली, "हो तर."

त्यानंतर कित्येक वर्षं आत्या विहिरीचं पाणी त्याच तुळशीच्या पानानं, त्याच क्रमानं शिंपत राहिली. तिच्या इतर कशात फरक पडला नाही. मी केस धुतले नसतील तर चुलीपासून दूर उभी करायची. माझ्या मुलीला शिकवायची, "डोळ्यानं पाह्यलेलं लोक फिरवून सांगतेत. नाकाले आलेलं फिरवता येत नाही." मला वाटायचं, विचारावं, की आत्या, मग आपल्या लोट्याचं काय? विचारलं नाही. एकदा तीच आपणहून म्हणाली, पंताच्या पाठीवरून हात फिरवताना, "देवाले कळत असन. त्यानं काही म्हटलं नाही अजून." तिला भीती देवाची नव्हती. भावाची होती. भावाला कळलं तर तो आपल्या हातचं खाणार नाही, ही.

आत्या वैशाखात गेली. दोन दिवस तापली आणि गेली. शेवटी म्हणाली, "उदबत्ती नका लावू, मले आंब्याचा वास येऊ द्या." पंत तेव्हा म्हातारा झाला होता, एका डोळ्यानं अधू. तो तिच्या रिकाम्या पाटावर जाऊन निजायचा आणि आम्ही त्याला उठवत नव्हतो. मला तेव्हा रडू आलं नाही. घरात पाहुणे होते, कामं होती.

सुतक फिटलं तेव्हा माझ्या यजमानांनी गवळ्याकडून बादलीभर गोमूत्र आणलं आणि घर कोनाकोपऱ्यापासून शुद्ध केलं. संध्याकाळी पंत पाटावरून उठला. हळूहळू चालत देवघरापाशी गेला. उंबरा हुंगला. मागचे पाय थरथरत होते तरी शेपटी ताठ उभी केली. माझे यजमान ओरडले. मामंजी आत पूजेची तयारी करत होते. मी मनात म्हटलं, संपलं, आता बडनेरा.

मामंजी उठून आले. उंबऱ्याकडे पाहिलं. तपकिरीच्या डबीकडे हात नेला आणि तसाच परत घेतला.

"सूनबाई, ताईचा लोटा घे. विहिरीवरून भरून आण."

मी हलले नाही.

"पाहून काय राहिली? ती आणत होती तेच आण. तपकीर ओढतो म्हणून मले नाक नाही काय?"

मी विहिरीवर गेले आणि तिथं मला रडू आलं. आत्या इतकी वर्षं ज्याला भीत होती, तो तिच्या हातचं रोज जेवत होता. लोटा भरून आणला. मामंजींनी तो माझ्या हातून घेतला, तुळशीचं पान बुडवलं आणि उंबरा, देवघर, चूल, वलणी, तिच्याच क्रमानं, स्वतः शिंपत गेले. मंत्र सगळे म्हटले, एकही गाळला नाही. मग लोटा माझ्या हातात दिला.

"उद्यापासून तू करत जा. गवळ्याकडे जाऊन येत जा मात्र, लोक पाहून राहिले असतेत." ते आत वळले आणि दारातून म्हणाले, "अन् ते डाळिंबापाशी ओतत जा. पंतायले आता दूर चालवत नाही, त्यायले उचलून नेत जा."