सातशेच्या खुणेजवळचं भगदाड

आधीच सांगते, अशा सदरांत येणारे अनुभव मी आजवर चहासोबत टाइमपास म्हणून वाचले आहेत आणि निम्म्यांना मनातल्या मनात हसले आहे. नागपूरच्या धंतोलीतल्या एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर मी अठरा वर्षं उभी आहे. अख्ख्या विदर्भातून पेशंट येतात... गळ्यात ताईत, मनगटाला काळा दोरा आणि हातात डॉक्टरची चिठ्ठी. गुण आला की श्रेय दोऱ्याला. नाही आला की मला विचारतात, "मॅडम, गोळी डुप्लिकेट तं नाही ना?" अशा बाईचा या गोष्टींवर विश्वास कसा बसणार? तर बसलेला नाहीच. पण गेल्या फेब्रुवारीत माझ्याबरोबर जे झालं ते कुठल्या खणात ठेवायचं हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. माझं आणि शेजारणीचं नाव बदललं आहे, बाकी सगळं जसंच्या तसं.

मी बेसा भागातल्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, राहते. घरात दोघंच, मी आणि बाबा. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत आणि चार वर्षांपासून त्यांचा विसराळूपणा वाढत चालला आहे. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं आहे. गोळ्या मीच आणते, त्यामुळे त्यांनी किती फरक पडतो हेही मला ठाऊक आहे. दीड वर्षापूर्वी एका सकाळी ते दार उघडून निघून गेले. संध्याकाळी गणेशपेठच्या स्टँडवर सापडले, एका गाडीला टेकून कंडक्टरची वाट बघत. नरखेडची फेरी घेऊन जायची होती म्हणे! त्या दिवशी मी स्टँडवरच सगळ्यांसमोर रडले. आणि दुसऱ्या दिवसापासून, फिरायला निघताना बाहेरच्या लोखंडी दाराला कुलूप लावायला लागले.

बाबांना सांभाळणारी बाई साडेनऊला येते. त्याच्या कितीतरी आधी, उजाडतानाची चाळीस मिनिटं फक्त माझी, आणि ती मी सोडायला तयार नव्हते. दुसरी चावी शेजारच्या राऊत काकूंकडे ठेवता आली असती. पण चावी द्यायची म्हणजे सांगावं लागणार, की मी बापाला कोंडून फिरायला जाते. ते तोंडातून निघेना. म्हणून दोन्ही चाव्या एकाच रिंगमध्ये, माझ्या खिशात. तेवढा वेळ बाबा झोपलेलेच असतात, असं मी धरून चालले होते.

फिरायचा ट्रॅक आमच्या लेआउटच्या मागेच आहे. नाल्याच्या काठाने सव्वादोन किलोमीटर सरळ गेलेला, अर्धा चालणाऱ्यांना, अर्धा सायकलवाल्यांना, मध्ये पिवळा पट्टा. दर शंभर मीटरवर जमिनीवर पांढऱ्या रंगात आकडा लिहिलेला. एका हाताला नाला आणि त्याची उंच जाळी, दुसऱ्या हाताला आमच्या लेआउटची प्रीकास्टची सात फुटी भिंत. मेन गेट शून्यावर आहे, म्हणजे आमच्या घरून भलामोठा वळसा. आणि आम्ही नागपूरकर वळसा घालणारी माणसं नव्हे. प्रीकास्टच्या भिंतीत सिमेंटच्या पाट्या दोन खांबांच्या खाचांमध्ये एकावर एक बसवलेल्या असतात, वरून उचलल्या की निघतात. तर सातशेच्या आकड्यासमोर, जिथे आमची गल्ली संपते, तिथल्या पाट्या काढून लोकांनी माणूस जाईल एवढं भगदाड केलं आहे. चौकीदार अधूनमधून पाट्या परत बसवतो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुन्हा काढतं. कोणीतरी म्हणजे आमच्या गल्लीतले सगळेच.

त्या दिवशी सकाळी सहा वीसला मी त्या भगदाडातून ट्रॅकवर उतरले. फोन घरी चार्जिंगला होता, हातात घड्याळ होतं. नेहमीचे लोक दिसले. हात वर करकरून हसणारा तो सीनियर सिटिझन्सचा ग्रुप, कानात वायर घालून चालणाऱ्या दोन मुली, सायकलवर एक सरदारजी. मी शेवटच्या टोकापर्यंत, पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि परत वळले. वळतानाच डोक्यात आलं... निघायच्या आधी मी चहा केला होता. गॅसचा रेग्युलेटर बंद केला का?

बाबांना बाकी काही आठवत नसलं तरी चहा आठवतो. बटण फिरवतात, लायटर कुठे आहे ते विसरतात, आणि तसेच उभे राहतात. म्हणून मी रेग्युलेटर रोज आठवणीने बंद करते. आज केला की नाही हे काही केल्या आठवेना. आत बाबा, बाहेरून कुलूप, आणि दोन्ही चाव्या माझ्या खिशात.

मी जवळजवळ पळतच निघाले. परतीच्या वाटेवर कोणी भेटलं नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही. नऊशे गेला, आठशे गेला, सातशे आला. भगदाड नव्हतं.

पहिली शिवी चौकीदाराला दिली. आजच बसवायच्या होत्या का मेल्याला? पण जवळ गेले तर पाट्या आज बसवल्यासारख्या नव्हत्या. खाचांमध्ये माती भरलेली, वर शेवाळ वाळून काळं पडलेलं. सगळ्यात वरच्या पाटीपर्यंत माझा हात पोचेना. मधल्या पाट्यांना धक्के मारले, त्या ढिम्म. ठीक आहे म्हटलं, मेन गेटने जाऊ, सातशे मीटर म्हणजे आठ-दहा मिनिटं. सहाशे. पाचशे. चारशे. आणि त्याच्या पुढचा आकडा... सातशे.

घाईत चुकीचं वाचलं असेल म्हणून मी पुढे गेले. सहाशे, पाचशे, चारशे, सातशे. तिसऱ्यांदा तर प्रत्येक आकड्यावर पाय ठेवून मोठ्याने म्हणत गेले, शाळेतल्यासारखं. ट्रॅक कुठेही वळत नाही हो! एक सरळ रेघ आहे ती. मग उलट्या बाजूने, टाकीकडे निघाले. आठशे, नऊशे, हजार आणि परत सातशे. समोर तीच भिंत, तेच शेवाळ. घड्याळ मात्र नीट चालत होतं. साडेसात वाजले. पावणेआठ वाजले.

एव्हाना चांगलं ऊन पडलं होतं. भीती अंधारात वाटते असं आपण वाचतो, पण लख्ख उन्हात, स्वतःची सावली पायाशी असताना जी भीती वाटते तिला लपायलाही जागा नसते. मी जाळीवर चढायला गेले, पाय घसरला, नडगी सोलून निघाली. भिंतीपलीकडे आमचा लेआउट रोजच्यासारखा जागा झालेला ऐकू येत होता. कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, अंगण झाडल्याचा आवाज, कचऱ्याच्या गाडीवरचं गाणं. माझं घर तिथून साठ पावलांवर असेल. साठ पावलांवर माझे बाबा कुलपात होते, गॅस सुरू होता की बंद ते मला माहीत नव्हतं, आणि मी एका भिंतीपुढे उभी होते.

मी ओरडले. "कोणी आहे का? अहो, इकडे या ना कोणीतरी!" दोन्ही तळव्यांनी भिंत बडवायला लागले. किती वेळ बडवली माहीत नाही. हात सुन्न झाले. मग पलीकडे चपलांचा आवाज आला आणि एक बाई अगदी जवळून बोलली. आवाज दबलेला, बंद दारामागून यावा तसा.

"आली आली, येऊनच राहिली ते. पाच मिनिटं. बसा बरं खुर्चीवर."

आवाज राऊत काकूंचा होता. मला एवढा धीर आला की रडूच फुटलं. "काकू! काकू, मी माधुरी! पाट्या काढा ना, मी इकडे अडकली. लवकर काढा, बाबा घरात आहेत!"

"वाजवू नका ना काका, हात दुखतीन. पाच मिनिटात येते ते."

काका? मी पुन्हा ओरडले, चावी फेकते म्हणाले, दार उघडा म्हणाले. काकूंनी तेच वाक्य तशाच समजुतीच्या सुरात पुन्हा म्हटलं, जसं लहान मुलाला म्हणतात. आणि चपला दूर गेल्या. निघून गेल्या त्या! त्या क्षणी मला जो संताप आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता. मी ओरडतेय, हात बडवतेय, आणि बाहेरचं माणूस ‘पाच मिनिटं’ म्हणून निघून जातं... पाच मिनिटं म्हणजे काय हे आत अडकलेल्याला कळत नाही. मी भिंतीला कपाळ टेकवून खाली बसले.

मग पलीकडून कोणीतरी वाजवायला लागलं.

भिंत सिमेंटची, पण आवाज लोखंडाचा होता. धाड धाड, आणि मध्येच कडी खळखळल्याचा. माझ्या कपाळासमोरच, एका हाताच्या अंतरावर. थांबेच ना. मीही उठून इकडून वाजवायला लागले, का ते मला विचारू नका. तिकडून एक, इकडून एक. असं बराच वेळ चाललं आणि मग तो आवाज बंद झाला. मी श्वास घ्यायला मागे सरकले, डावीकडे पाहिलं, तर दोन खांब सोडून आमचं भगदाड होतं. काढलेल्या पाट्या गवतात पडलेल्या, रोजच्यासारख्या. हसणाऱ्यांचा ग्रुप माझ्या मागून बोलत बोलत गेटकडे निघाला होता. त्यांच्यातले एक आजोबा म्हणाले, "काय मॅडम, आज लेट?"

मी धावत सुटले. पावणेनऊ वाजले होते.

कुलूप जागेवर होतं. चावी लावताना दोनदा खाली पडली. दार उघडलं तर बाबा दारामागेच उभे, पायजम्यावर, घामाने भिजलेले. मी त्यांना बाजूला करून आधी स्वयंपाकघरात गेले. रेग्युलेटर बंद होता. मीच बंद केला होता आणि विसरले होते. बाबांना खुर्चीवर बसवायला त्यांचे हात धरले तेव्हा दिसलं... दोन्ही तळवे लालबुंद, सुजलेले.

एवढ्यात राऊत काकू दारात आल्या. "आली का वं माधुरी? आज काहून एवढा उशीर?"

"काकू, बाबा दार वाजवत होते का?"

"वाजवतेत ना वं. रोजच वाजवतेत. तू गेली का दहा मिनिटानं सुरू होते त्यायचं. मी बाहेरून म्हणतो, पाच मिनिटं काका, येऊनच राहिली ते, बसा खुर्चीवर. मंग बसतेत."

"रोज? मग मला कधी सांगितलं नाही तुम्ही?"

"तुले काय सांगाव बापा. दिवसभर दुकानात उभी राहतं, सकाळचं तेवढंच तं फिरणं तुयं. तुले वाईट वाटलं असतं." मग हळूच म्हणाल्या, "आज मात्र लय वेळ वाजवलं. मी म्हटलं, वाजवू नका ना काका, हात दुखतीन. तं ऐकूनच नाही राहिले."

मी काकूंना काहीच सांगितलं नाही. त्यांनी काय म्हटलं होतं ते मला शब्दन्‌शब्द माहीत होतं. आमचं दार त्या भिंतीपासून साठ पावलांवर, मध्ये दोन घरं. तिथलं बोलणं ट्रॅकवर ऐकू येत नाही. नंतर पुण्याहून भाऊ आला तेव्हा मी त्याला आमच्या दारात उभं करून, ओरडायला लावून पाहिलं आहे. नाही ऐकू येत.

भाऊ म्हणतो, टेन्शनने तुला चक्कर आली असेल, कुठेतरी बसून राहिली असशील. मी शुगर तपासली, बीपी तपासलं, धंतोलीतल्याच एका न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवलं. सगळं नॉर्मल. चौकीदार शपथेवर सांगतो की त्या महिन्यात त्याने पाट्यांना हात लावला नाही. सोललेली नडगी खरी होती, तिचा डाग अजून आहे. बाकी कशाचंही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि मिळेल असं वाटत नाही. मी आता बाबांना कुलपात ठेवत नाही. बाई साडेनऊऐवजी सहाला येते, त्यासाठी काय काय करावं लागलं ते जाऊ द्या.

पण त्या दिवशीची एक गोष्ट राहिली. मी दुकानात सुट्टी सांगितली होती. दुपारी बाबांच्या तळव्यांना मलम लावत बसले होते. बरं वाटत होतं त्यांना, चेहरा मोकळा होता. मी विचारलं, "बाबा, काहून वाजवता तुम्ही रोज दार? बाहेर जायचं असते का तुमाले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, चुकीच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाकडे पाहावं तसं.

"मले कुठी जायचं आहे? मी तं घरीच आहो. तू अडकून राहतं ना वं तिकडे. कोणी उघडूनच नाही देत तुले."

माझा हात तसाच थांबला. "रोज?"

"रोज," बाबा म्हणाले, आणि मलम लावायला दुसरा हात पुढे केला.